काळ्या रेघेचा ओढा

माझ्याकडं कोयनेच्या वरच्या खोऱ्याचा एक जुना नकाशा आहे. एक म्हणायचं, पण कागद दोन आहेत. एकाच्या डोक्यावर ४७ जी/१० असं छापलंय, दुसऱ्याच्या ४७ जी/१४. इंचाला एक मैल अशा मापाचे, मागं कापड डकवलेले, घड्या पडून पडून घडीच्या जागी रंग उडालेले. मोजणी स्वातंत्र्याच्या आधीची. आमच्या भागात पाटबंधाऱ्याच्या कामावर एक ओव्हरसियर होते. रिटायर झाल्यावर घर आवरताना त्यांना माझी आठवण झाली आणि त्यांनी दोन्ही कागद गुंडाळून पाठवून दिले. सोबत चिठ्ठी : तुमचं जुनं गाव यात असलं तर बघा.

दोन दिवस गाव सापडलं नाही. मी एकेक कागद वेगळा घेऊन बसत होतो. तिसऱ्या दिवशी दोन्ही ओटीवर शेजारी शेजारी पसरले, मधल्या पांढऱ्या कडा एकावर एक चढवल्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, तेव्हा शिवणीजवळ चार-पाच लाल ठिपके दिसले. घरं इकडच्या कागदावर आणि गावाची नदी तिकडच्या कागदावर. ते आमचं गाव. पाण्याखाली जाऊन साठ वर्षं झाली त्याला.

त्याचं कारण नंतर कळलं. सर्व्हेवाल्यांनी सगळा देश अंश-मिनिटांच्या चौकटीत कापलेला आहे. एक कागद म्हणजे पंधरा मिनिटं रुंद आणि पंधरा मिनिटं उंच. त्यात ७३ अंश ४५ मिनिटांची जी उभी रेघ आहे ती नेमकी कोयनेच्या खोऱ्यातनं उतरते. तापोळा रेघेच्या पश्चिमेला, बामणोली थोडी पूर्वेला, आणि खाली धरणाची भिंत बांधली ती जागा तर जवळजवळ रेघेवरच. नदी वरपासनं हेळवाकपर्यंत ह्या रेघेच्या अलीकडं-पलीकडं खेळत जाते. कुणी मुद्दाम केलं नाही हे. पण ज्याला कोयनेचं खोरं अख्खं बघायचंय त्याला एका कागदानं भागत नाही, एवढं खरं.

कोयना ही तशी उलट्या डोक्याची नदी. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी गोमुखातनं पडतं असं आपण मानतो : कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा नि वेण्णा देशावर येतात. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या एकदा घाट सोडला की पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र महाबळेश्वरवरनं निघून सह्याद्रीच्या दोन रांगांच्या मधनं दक्षिणेला जाते, पासष्ट किलोमीटरच्या आसपास. हेळवाकला तिला पूर्वेची आठवण होते. तिथं ती काटकोनात वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते.

हे सगळं पुस्तकात असतं. नकाशात दिसतं ते वेगळं. पश्चिमेच्या बाजूला तपकिरी रेघा इतक्या दाट होतात की तिथं कागदावर केस पडलेत असं वाटावं. ती कोकणची उतरण. समोच्चरेषा आम्हाला दहावीच्या भूगोलात होत्या. मार्कापुरता पाठ करायचा तो धडा : रेषा जवळ जवळ म्हणजे चढ उभा, लांब लांब म्हणजे सपाटी. त्या रेषांवर एखाद्याचं गाव ठरतं हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं, त्यांनाही कुठं माहीत असणार.

रंगांचं असं आहे. लाल ठिपके म्हणजे घरं, लाल रेघा म्हणजे रस्ते. पिवळं म्हणजे कसलेली जमीन. हिरवं म्हणजे रान. पांढरं म्हणजे पडीक, माळ. पाण्याला दोन रंग : बारमाही वाहतं ते निळं, उन्हाळ्यात आटतं ते काळ्या रेघेचं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

ह्या मुलखाचा नकाशा काढायची गरज सरकारला का पडली ते समजायला फार लांब जायला नको. जावळीचं खोरं म्हणजे हेच रान. मोऱ्यांना ह्याच रानाचा माज होता. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि तीन वर्षांनी अफझलखानाला ह्याच रानाच्या तोंडाशी, प्रतापगडाखाली, आणून गाठला. रान हाच किल्ला होता. पुढं १८१८ साली वासोटा घ्यायला इंग्रज आले तेव्हा त्यांनाही तोफा ह्याच झाडीतनं वर चढवाव्या लागल्या. ज्या रानात वाट चुकते त्या रानाचा कागद करून घ्यावा असं कुठल्याही सरकारला वाटेलच. नंतर त्यात महसूल आला, लाकूड आलं. १८७८ च्या कायद्यानं रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले, आणि राखीव रानाची हद्द कुठनं कुठं हे दाखवायला पुन्हा कागदच लागला.

तशी देशाची मोजणी फार आधी, १८०२ साली मद्रासकडं लँबटन साहेबानं सुरू केली. डोंगराच्या शेंड्यावरनं दुसऱ्या शेंड्याकडं दुर्बीण लावायची, कोन मोजायचा, त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढं जायचं. पण माझ्याकडं आहेत तसले रंगीत, समोच्चरेषांचे कागद विसाव्या शतकातले. १९०५ च्या सुमाराला एक कमिटी बसली, तिनं सगळ्या देशाचे नव्या पद्धतीचे नकाशे करायचं ठरवलं, त्या रेट्यातले हे.

काम कसं चालायचं ते ओव्हरसियर साहेबांनी मला ओटीवर बसून दाखवलं होतं. पाटाएवढी सपाट फळी, खाली तीन पाय. तिला प्लेन टेबल म्हणायचं. ती घेऊन सर्व्हेअर डोंगराच्या सोंडेवर जातो. फळीवर कागद ताणलेला, त्यावर आधीच मोजून नक्की केलेले शेंडे टिंबं देऊन मांडलेले. फळीवर पट्टी ठेवायची, पट्टीच्या फटीतनं एक शेंडा बघायचा, रेघ मारायची, दुसरा बघायचा, रेघ मारायची, तिसरा. तिन्ही रेघा एका टिंबात मिळाल्या की आपण उभे आहोत ती जागा कागदावर आली. तिथनं मग दिसेल ते काढायचं : समोरची सोंड, खालची वाडी, नदीचं वळण, देवळाचा शेंडा. उंचीसाठी वेगळं एक छोटं यंत्र. हाताखाली खलाशी, टेबल उचलायला, झेंडा धरायला, झाडं तोडायला. ते बहुतेक गावातलेच गडी असणार. त्यांची नावं कागदाच्या कोपऱ्यात येत नाहीत.

मला ह्या माणसांविषयी राग नाही, हे आधीच सांगतो. ज्यानं कोयनेच्या डोंगरात कारवीतनं एकदा तरी वाट काढलीय त्याला कळेल हे काम काय होतं. आणि एवढी झाडी, एवढ्या दऱ्या असून नकाशा इतका बिनचूक कसा, ह्याचं मला अजून नवल वाटतं. वासोट्याच्या बाजूची एकेक घळ तिथल्या तिथं आहे.

पण एक गोष्ट आहे. सर्व्हेअर पावसाळ्यात येत नसत. दिवाळीच्या सुमाराला तंबू पडायचे आणि वळवाच्या आत उठायचे. पावसाचे महिने ते मुख्य कचेरीत बसून रेघा पक्क्या करायचे. आमच्या खोऱ्यात पाऊस सहा-सहा हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा त्यांचंही बरोबर. त्यामुळं ह्या नकाशात जो मुलूख आहे तो हिवाळा-उन्हाळ्यातला मुलूख आहे. आषाढातली कोयना ह्यात नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी दुरून बघितलं.

आमच्या जुन्या गावात दोन तऱ्हेची शेती होती. खाली नदीकाठाला भाताची खाचरं आणि वर डोंगराला नाचणी-वरी. खाचरं थोडी, एकेका घराला चार-सहा गुंठे. पोट चालायचं ते डोंगरावर. तिथली रीत अशी की एक तुकडा साफ करायचा, झुडपं जाळायची, त्यात दोन-तीन वर्षं नाचणी नि वरी घ्यायची, जमीन दमली की सोडून द्यायची आणि शेजारच्या तुकड्याला हात घालायचा. सोडलेल्या तुकड्यात पुन्हा झुडपं माजायची, कारवी यायची. आठ-दहा वर्षांनी फिरून तिथंच. सरकारी भाषेत ह्याला कुमरी म्हणतात. आमचे लोक नुसतं 'डोंगर' म्हणायचे. यंदा कुणाचा डोंगर कुठं आहे हे गावाला तोंडपाठ असायचं.

आता विचार करा. सर्व्हेअर समोरच्या सोंडेवर टेबल मांडून बसलाय. महिना पौष किंवा माघ. नाचणी कधीच काढून झालीय. दहांतला एखादा तुकडा ताजा, बाकीच्या नऊंवर छातीएवढी झुडपं. तो काय लावणार? हिरवं. मी असतो तर मीही हिरवंच लावलं असतं.

महसूल खात्याच्या गावनकाशाची गोष्ट वेगळी. तो शंकुसाखळीनं मोजलेला. साखळी तेहतीस फुटी, तिचे सोळा भाग, सोळा आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तो मोजणारा माणूस बांधावरनं चालत गेलेला असतो, त्यामुळं त्यात खाचराचा बांध न् बांध आहे. पण त्यात उंची नाही. डोंगर आणि मैदान दोन्ही सारखंच सपाट. इंचीच्या नकाशात उंची आहे तर बांध नाहीत. कुमरीची जमीन ह्या दोन कागदांच्या मधल्या फटीत पडली. एकात ती डोंगर म्हणून, दुसऱ्यात रान म्हणून.

ह्याचा दणका आमच्या आबांना बसला. धरणाचं नक्की झालं, मोबदल्याची मोजदाद लागली, तेव्हा खाचरं लिहिली गेली. वरच्या डोंगराचं काय म्हणून आबा आणि गावातले आणखी दोघं एका कचेरीत गेले. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, तिथल्या माणसांना आता काय विचारणार. तिथल्या कारकुनानं भिंतीवरचा नकाशा दाखवला आणि म्हणाला, "इथं तर सगळं रान आहे. शेती कुठाय?" आबांनी हिरवा रंग बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता. ते म्हणाले, "सायेब, आमच्या तीन पिढ्या हितनं नाचणी खात्यात." कारकून म्हणाला, "कागदावर दाखवा."

ही गोष्ट आबा मरेपर्यंत सांगायचे. दर वेळी शेवटचं वाक्य तेच. मला लहानपणी वाटायचं की नकाशा खोटा होता. आता तो, म्हणजे तसलाच, माझ्या ओटीवर आहे आणि मला म्हणावं लागतंय की तो खोटा नाही. त्यानं त्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं. खोटं झालं ते पुढं, जेव्हा एका हिवाळ्यात दुरून दिसलेल्या रंगाला कुणीतरी कायमचा पुरावा समजलं.

एक संध्याकाळ मी पेन्सिल घेऊन बसलो. कोयना धरण भरल्याची बातमी पेपरात येते ती आजही फुटांत येते. भिंतीशी पाण्याची पातळी २१६३ फुटांच्या आसपास गेली की धरण पूर्ण भरलं, १०५ टीएमसी. आमच्या कागदावर समोच्चरेषा दर पन्नास फुटांना एक आणि दर अडीचशे फुटांना एक जाड. दोन हजारांची जाड रेघ सापडवली. तिथनं वर तिसरी बारीक रेघ २१५० ची. म्हणजे पाण्याच्या कडेला जवळजवळ लागून. ती धरून पेन्सिल चालवायला लागलो. नदीच्या पश्चिमेनं खाली जायचं, प्रत्येक ओढ्याच्या पोटात शिरायचं, बाहेर यायचं, पुन्हा पुढच्या ओढ्यात. मग पूर्वेनं तसंच वर. रात्रीचे अकरा वाजले. मंडळी दोनदा येऊन बघून गेली. पेन्सिल उचलली तेव्हा कागदावर शिवसागर उमटला होता. नेच्याच्या पानासारखा, मधे दांडा आणि दोन्हीकडं फाटे, बरोब्बर जसा तो आज उपग्रहाच्या फोटोत दिसतो तसा. छापताना तो त्या कागदावर नव्हता आणि तरी होताच. ती तपकिरी रेघ आमच्या गावाच्या वरनं जात होती. गावातल्या देवळापासून कागदावर मोजलं तर गव्हाच्या दाण्याएवढं अंतर.

मग मनात आलं, ही रेघ माझ्या आधी कुणीतरी ओढलेली आहे. कोकणची उतरण इतकी जवळ, नदी इतकी वर, पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला सोडलं तर वीज होईल, हा विचार असल्याच कागदावर बोट ठेवल्यावर सुचणार. धरणासाठी पुढं वेगळ्या, बारीक मोजण्या झाल्या असतीलच. पण पहिला अंदाज घेताना कुणीतरी इंजिनिअर असाच कंदिलाच्या उजेडात बसला असेल, आणि त्याची पेन्सिल आमच्या लाल ठिपक्यांवरनं पुढं गेली असेल. त्याचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि माझ्या विहिरीची मोटर चालते.

विस्थापनाचं फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. १९६१-६२ च्या सुमाराला पाणी अडलं. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सोलापूर, सांगलीकडं गेलं, कुणी ठाणे, रायगड, रत्नागिरीकडं. पुष्कळ गडी मुंबईला आधीपासूनच माथाडी होते, ते तिथंच राहिले. काही घरं नुसती वर सरकली, पाण्याच्या काठाकाठानं, ती १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंपात सापडली. आम्ही सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आलो. मी तेव्हा कडेवर होतो. आईनं सांगितलेलं आठवतं, की पहिल्या वर्षी तिनं आषाढात तीन-तीनदा दार उघडून बघितलं, पाऊस का वाजत नाही म्हणून.

नकाशा गावावरनं येऊन गेला तो आत्याकडं. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. गाव सुटलं तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. आता ऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिसतं चांगलं. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मी कागद तिच्यापुढं पसरला आणि घरं दाखवली. ती हसली. म्हणाली, "ह्ये लाल टिपकं व्हय? ह्यात आपलं घर कुठलं?"

मला सांगता येईना.

मग तिनं विचारलं, "पाणी कुठनं कुठं जातंय त्ये दाव." मी नदीवर बोट ठेवलं, वरनं खाली फिरवलं. तिनं ते एकदा बघितलं आणि माझा हात बाजूला केला. नदीच्या पश्चिमेला एकेक ओढा मोजायला लागली. ह्यो देवाचा, ह्यो मळीचा, ह्यो आंब्याचा. दोन ओढ्यांच्या मधली सोंड तिनं बोटानं चोळली, "हितं आमचा डोंगर. हितं हिरड्याची चार झाडं. वर धनगराचा वाडा." सगळं कागदाशी जुळत होतं. समोच्चरेषा काय असते हे तिला मी सांगितलंच नाही, गरज पडली नाही. तिनं डोंगर ओढ्यांवरनं ओळखला. आम्ही शाळेत रेघांवरनं उतार वाचायला शिकलो. तिनं उतार आधी पायांनी वाचलेला होता, रेघा नंतर भेटल्या.

नावांची मात्र तिला गंमत वाटली. कागदावर नावं इंग्रजीत, त्यामुळं 'ण' आणि 'न' एक झालेले, 'ळ' नि 'ल' एक. मी तसंच्या तसं वाचून दाखवलं की ती पदर तोंडाला लावायची. म्हणाली, "सायबाला कुणी सांगितलं नसंल व्हय?" आमच्या गावाच्या नावातही तोच घोटाळा आहे. मी इथं ते लिहिलं नाही. आत्याच म्हणाली, लिवू नको, शंभर गावं गेली, एकाचंच नाव कशाला.

मग तिचं बोट आंब्याच्या ओढ्यावर थांबलं. "ह्यो काळा का?"

मी सांगितलं, काळी रेघ म्हणजे उन्हाळ्यात आटतो.

"कोण म्हंतंय?"

"कागद म्हणतोय."

"आरं, ह्यो आटत न्हवता. एकवेळ नदी तुटायची, डव्हा-डव्हानं ऱ्हायची, पर ह्यो वाहायचा. माझी आई वैशाखात हितनंच पाणी भरायची. मी सोता भरलंय." थोडं थांबून म्हणाली, "खाली गावाजवळ नसंल दिसत पाणी. तिथं धोंडं हायती, त्यात मुरतं. वर जांभळीखाली बघायचं. वर आलाच नसंल त्यो."

मला त्या रात्री झोप लागली नाही म्हटलं तर कुणी हसेल. पण आबांचं 'कागदावर दाखवा' ऐकतच मी मोठा झालो. डोंगराच्या हिरव्याचं मला काही करता येण्यासारखं नव्हतं. नाचणीची ताटं साठ वर्षांनी कुठं शोधणार? ओढा मात्र असला तर असणार.

पुढच्या मे महिन्यात पुतण्याला घेऊन बामणोलीला गेलो. आमचं जुनं गाव नदीच्या पश्चिमेला, म्हणजे आता ती बाजू अभयारण्यात आहे, १९८५ पासनं. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. वनखात्याची परवानगी काढली, पैसे भरले, सोबत एक वनरक्षक दिला. माझ्याच गावाला जायला परवानगी, असं पुतण्या तणतणला. मी काही बोललो नाही. लाँचमधनं त्या बाजूचा डोंगर दिसत होता आणि मी नकाशा मांडीवर घेऊन बसलो होतो. काय सांगू, कधी नव्हे इतका नकाशा खरा झालाय. आम्ही होतो तेव्हा जे हिरवं नव्हतं ते आता हिरवं आहे. कुमरीचे तुकडे ओळखूसुद्धा येत नाहीत. जांभूळ, अंजनी, हिरडा, खाली कारवी. आम्ही गेलो म्हणून रान आलं, हे मान्य केलं पाहिजे. आबांच्या पिढीनं डोंगर जाळले, त्यानं माती किती खाली गेली ह्याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. आणि हेही मान्य केलं पाहिजे की त्या रानाचं भाडं आमच्या लोकांनी भरलं.

मेमधे पाणी पार खाली उतरलेलं असतं. काठाला लालसर मातीच्या पायऱ्या पडलेल्या, मोठ्या जिन्यासारख्या. प्रत्येक पायरी म्हणजे पाणी काही दिवस टेकलेली जागा. देवाच्या देशात जिवंत समोच्चरेषा बघायच्या असतील तर तिथं बघाव्यात. गावाची जागा अर्धी उघडी होती. जोत्यांचे दगड, एका उंबऱ्याची शिळा, उखळाचा खड्डा असलेला एक धोंडा. पुतण्या फोटो काढत राहिला. मला जोत्यांवर थांबवेना, आमचं कुठलं तेच माहीत नव्हतं. आत्याची तब्येत प्रवासाची नाही, नाहीतर तिनं नुसत्या पायानं सांगितलं असतं.

देवाचा, मळीचा, आंब्याचा. तिसऱ्या ओढ्याच्या तोंडाशी धोंडे होते, ठक्क कोरडे, वर पांढरी पापुद्र्याची माती. सर्व्हेअर इथं उभा राहिला असेल तर त्यानं काळी रेघ मारली ती बरोबरच मारली. वनरक्षक पोरगा कोकणातला होता, चांगला होता. त्याला सांगितलं, जरा वर जाऊ. तो म्हणाला, वर वाट नाही. वाट नव्हतीच. कारवीतनं पाऊण तास चढलो. माझा गुडघा बोलायला लागला. पुतण्या म्हणाला, "नाना, बास करा." तेवढ्यात वनरक्षकच थांबला आणि कान दिला.

पाणी होतं. फार नाही, मनगटाएवढी धार. जांभळीच्या मुळातनं एका खडकावर येत होती, खडकावरनं डोहात, डोह परातीपेक्षा थोडा मोठा. डोहाच्या खाली दहा-वीस पावलं पाणी दिसत होतं, मग धोंड्यांत गेलं. खडकाला एका बाजूला गुळगुळीत खोबण होती, हंडा टेकवायच्या मापाची. ती माणसांच्या हंड्यांनी पडली की पाण्यानं, ते मला सांगता यायचं नाही. मी बाटली भरून घेतली, आत्याला.

आत्यानं ते पाणी तुळशीला घातलं. एक घोट घेतला आधी. चवीचं काही बोलली नाही. म्हणाली, "जांभळ हाय अजून?" मी म्हटलं, आहे, पण तीच का तिची पोर ते माहीत नाही.

मग कागद काढायला लावला. नातवाच्या कंपासपेटीत निळी पेन्सिल होती. नकाशाचा निळा फिका असतो, पेन्सिल जरा भडक निघाली. आंब्याच्या ओढ्याची काळी रेघ मी वरनं, जांभळीपासनं, गिरवत आणली. खाली धोंड्यांपाशी आलो तेव्हा आत्या म्हणाली, "तिथं थांब. तिथनं खाली काळंच असू दे."